ताई, वडा खरंच खारट होता का?

शरयूताई,

तुम्ही गेल्याचा फोन डेपोत आला तेव्हा तो मीच उचलला. पलीकडून कुणी बाई बोलत होती. आवाज ओळखीचा नव्हता. "शरयूताई सकाळी गेल्या. जव्हारच्या डेपोत कळवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं," असं ती म्हणाली. मी रिसीव्हर शेजारच्या टेबलावर बसलेल्या चौधरींच्या कानाला लावला आणि म्हटलं, "जरा ऐका, आणि तुम्हाला काय ऐकू येतंय ते सांगा."

चौधरी आमचे हेडक्लार्क. इतकी वर्षं मला ओळखतात, त्यामुळे का म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांनी ऐकलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रघुनाथ, खरं आहे रे," ते म्हणाले. तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो.

माणूस गेल्याचं कळलं की लोक आधी रडतात. मी आधी खात्री करून घेतली. त्याची मला लाज वाटत नाही, कारण ती सवय तुम्हीच लावलीत. पण एक गोष्ट तेव्हाच खटकली आणि अजून खटकतेय. तुम्ही 'सांगून ठेवलं होतं'. म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. आणि अलीकडेच पुण्याहून फोन केलात तेव्हा मला काय म्हणालात? "थोडा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही." बाकी काही नाही! ताई, तुमच्या या 'बाकी काही नाही'वर माझा कधीच विश्वास नव्हता. त्याला कारण आहे, आणि ते आज सगळं बोलणार आहे. तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, याचा थोडा गैरफायदाही घेणार आहे.

तुम्ही नेहमी म्हणायचात, "रघूभाऊ, मला काहीच माहीत नाही असं धरून सांगा." तसंच सांगतो.

मी मूळचा साखरशेतचा. घरी भात आणि नाचणी. शिकून एसटीत लागलो, आधी कंडक्टर, मग जव्हारच्या डेपोत वाहतूक नियंत्रक. माईकवरून गाड्या पुकारायच्या. मोखाडा, नाशिक, विक्रमगड, ठाणे. माझा आवाज पार बाजारापर्यंत जायचा. बायको म्हणायची, घरी तोंड उघडत नाहीत आणि तिथं गावाला ऐकवतात. मग एका वर्षी स्पीकरच्या खरखरीतून मला कुणीतरी हाक मारायला लागलं. आधी नुसतं नाव. मग नावाच्या पुढे आणखी काही. "रघ्या, सगळ्यांना कळलंय." काय कळलंय ते कधी सांगायचा नाही. तेवढं सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. एक दिवस मोखाड्याची गाडी पुकारता पुकारता मी माईकवरच ओरडलो, "कोण आहे तो? हिंमत असेल तर समोर ये!" सगळा फलाट गप्प झाला. मोखाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर बिचारा खाली उतरला आणि माझ्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला.

त्यानंतर दवाखाना, गोळ्या, रजा. गोळ्यांनी जीभ जड झाली, हात थरथरायला लागले. आवाज लांब गेला, पण गेला नाही. रजा संपवून मी परत खिडकीत येऊन बसलो आणि थोड्याच दिवसांत तुम्ही आलात.

"मी डॉक्टर नाही," हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. तिथेच मला संशय आला. डॉक्टर नाही, सरकारी नाही, कुणाची नातेवाईक नाही, मग ही बाई पुण्याहून येऊन जव्हारात खोली घेऊन का राहते? प्रश्न विचारणारी माणसं आमच्याकडं नवीन नाहीत. वावरकडं कुपोषणानं पोरं दगावली त्या साली चौकशीवाल्यांच्या जीपगाड्या कमी का आल्या होत्या? लोक आले, विचारलं, लिहून घेतलं, गेले. तेव्हापासून कुणी गोड बोलून "काय खाता, कसे राहता" असं सुरू केलं की आमची माणसं तोंड मिटतात. मी हे तुम्हाला तोंडावर सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "तुमचा सगळाच संशय काही आजारातला नाही. त्यातला थोडा जव्हारचा आहे." मला ते फार आवडलं. आवडलं म्हणून आणखी संशय आला.

तुमचा अभ्यास काय, ते तुम्ही फलाटावरच्या बाकावर बसून समजावलंत. माणूस दवाखान्यात जातो तेव्हा झालेलं आठवून सांगतो. आठवताना तो ते आपल्या मापानं शिवून नेतो. "मला न शिवलेलं कापड बघायचंय," तुम्ही म्हणालात. भास होतो त्या घटकेला माणूस कुठे असतो, काय करत असतो, शेजारी कोण असतं. आणि होत नाही त्या घटकेला काय चाललेलं असतं. हे दुसरं तर कुणी विचारतच नाही, असं तुमचं म्हणणं. मला तोवर कुणी विचारलं नव्हतं, हे खरं.

मी अट घातली. "मी काय ऐकतो ते तुम्हाला खरं सांगेन. पण तुम्ही मला एकदाही खोटं सांगायचं नाही. एकदा जरी सांगितलंत, तर तो आवाज माझ्याच डोक्यातला आहे हे तुमचं म्हणणंही मी खोटं धरणार."

तुम्ही थोडा वेळ रस्त्याकडं बघत बसलात. मग म्हणालात, "कबूल." एवढा वेळ का लागला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आत्ता विचारतोय.

मग तुम्ही दिलेलं ते घड्याळ. काळं, आकड्यांचं, मधूनच कधीही टीं टीं करणारं. ते वाजलं की त्या घटकेला मनात काय आहे ते बघायचं. मी ते मनगटावर बांधलं आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाजारात यासीनभाईंच्या दुकानात नेलं. त्यांच्या वडिलांपासून जव्हारची सगळी घड्याळं त्यांच्याच हाताखालून गेलेली. मी म्हटलं, "उघडा. आत काय काय बसवलंय ते बघायचंय."

यासीनभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, पाठ उघडली. "रघूभाऊ, ह्याच्यात सेल हाय. बाकी एक पट्टी हाय. और क्या होना?"

"दुसरं काही? पलीकडं ऐकू जाईल असं?"

"अरे भाऊ, एवढ्याशा डबीत मानूस बसवनार का कोन?" ते हसले. मग मी हसत नाही हे बघून त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं. "लो, खुद देखो. मेरे पे मत जाव."

मी बघितलं. सेलच होता. पण परत येताना वाटेत मला वाटलं, यासीनभाई आधी हसले का? संध्याकाळी तुमच्या हातात घड्याळ ठेवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता समजावत बसाल. तुम्ही ते पिशवीत टाकलंत आणि म्हणालात, "बरं झालं उघडून बघितलंत. मग तुमच्या विश्वासाचं असं इथं काय वाजतं?"

माझ्या विश्वासाचं काहीच वाजत नव्हतं. पण गाड्या वेळेवर येत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. तुमचे डोळे चमकले. घाटात झाड पडलं, टायर बसला, गाडी कधी येईल ते देवालाही ठाऊक नाही, तर तुम्हाला तशीच, आधी न कळणारी वेळ हवी होती. ठरलं. मोखाड्याची गाडी फलाटाला लागली की मी थांबायचं, मनात बघायचं, आणि संशय असेल तेवढे चिंचोके टेबलाखालच्या डब्यात टाकायचे. काही नसेल तर काही नाही. थोडा असेल तर चिमूटभर, फार असेल तर मूठभर. मोखाड्याच्या पाड्यांवरच्या लिहिता न येणाऱ्या बायकांसाठी तुम्ही ही चिंचोक्यांची युक्ती काढली होती. मला लिहिता येत होतं, पण कागदावर माझा विश्वास नव्हता.

डबा भरभरून वाहायला लागला. तुम्ही चिंतेत पडलात. गोळ्या लागू पडत नाहीत का, म्हणून डॉक्टरांना कळवायला निघालात. तेव्हा बाकावर बसून आपण दोघांनी एक पूर्ण दुपार मोखाड्याच्या गाडीची वाट पाहिली, आणि ती आली तेव्हा तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत. कंडक्टर भांडत उतरला, उशीर का म्हणून चार माणसं माझ्या खिडकीला लोंबकळली, ड्रायव्हर लांबून माझ्याकडं बोट दाखवून काही बोलला. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अहो, गाडी आली की इथं कुणालाही वाटेल सगळे आपल्या विरोधात आहेत! मी इतके दिवस तुमचा नाही, एसटीचा अभ्यास करत होते." तुम्ही इतक्या हसलात की फलाटावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो होतो, हे मला घरी गेल्यावर कळलं.

गाडीऐवजी मग शेळी आली. कॅन्टीनवाल्या गंगूबाईंची शेळी. केळीची सालं आणि टाकलेली तिकिटं खायला ती मनात येईल तेव्हा डेपोत शिरायची. कुणाच्या वेळापत्रकात नाही, कुणाच्या सांगण्यात नाही. शेळी फाटकातून आत आली की मनात बघायचं. ताई, पुण्याच्या तुमच्या मोठ्या माणसांना तुम्ही हे कसं सांगितलंत, ते मला अजून कळलेलं नाही. मधले काही दिवस मला शेळीचाही संशय आला होता. तिला कुणीतरी मुद्दाम माझ्याकडं हाकलतंय, असं वाटायचं. मी ते सांगितलं तर तुम्ही न हसता विचारलंत, "दिसलं किती, आणि जोडलं किती?"

हा तुमचा प्रश्न. दिसलं काय, तर शेळी आत आली. जोडलं काय, तर तिला कुणीतरी पाठवली. ऐकू आलं काय, तर खरखर. जोडलं काय, तर माझं नाव. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की जोडलेलं खोटंच असतं. "जोडलेलं वेगळं ठेवा आणि मग जाऊन विचारा," एवढंच म्हणालात. विचारल्यावर कधीकधी जोडलेलंही खरं निघतं. आमच्या घरी निघालंच होतं. बायको भाकरीत काहीतरी घालते असा मला संशय होता. सगळे म्हणाले, आजार आहे. तुम्ही घरी आलात, चुलीजवळ बसलात आणि मंगलला सरळ विचारलंत.

मंगलनं पदर तोंडाला लावला. "घालते ताई. गोळ्या फेकून देत्यात हे. कुटून पिठात घालते. मंग काय करू?"

तुम्ही तिला म्हणालात, "हे यांना सांगा. माझ्यासमोर सांगा." तिनं सांगितलं. मी त्या दिवशी तिच्यावर ओरडलो नाही. मला एवढं हलकं वाटलं होतं की काय सांगू! माझं जोडलेलं खरं होतं. त्या दिवसापासून गोळ्या मी माझ्या हातानं घेतो. तुम्हाला त्या घरात कुणी परकं म्हटलं नाही मग.

म्हणून तर ताई, तो वड्याचा दिवस मला विसरता येत नाही.

दुपारची वेळ. मी नाशिकची गाडी पुकारून माईक बंद केला आणि खिडकीतून बघितलं. शेळी आली होती. नियमाप्रमाणं मनात बघायचं, आजूबाजूला बघायचं. बघितलं तर समोर कॅन्टीनमध्ये तुम्ही, चौधरी आणि गंगूबाई डोकी जवळ करून बसलेले. चौधरी हात हलवून बोलत होते. त्यांनी माझ्या खिडकीकडं बोट केलं. माझी नजर पडली आणि तिघंही एकदम गप्प झालात. तुम्ही चहाचा कप उचललात. कप रिकामा होता. रिकाम्या कपातून तुम्ही घोट घेतलात, ताई. हे मी जोडलेलं नाही. हे दिसलेलं आहे.

त्या दिवशी मी डब्यात जेवढे हातात मावले तेवढे चिंचोके टाकले. मग तुम्हीच शिकवलेलं केलं. उठून गेलो आणि विचारलं, "माझ्याबद्दल बोलत होता का?"

चौधरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. गंगूबाईंनी कढई उचलली. तुम्ही माझ्याकडं सरळ बघून म्हणालात, "रघूभाऊ, वड्यात मीठ जास्त झालंय. खारट झालाय वडा."

बस. वर्षं गेली, पण हा वाद काही मिटला नाही. तुमचा अभ्यास संपला, तुम्ही पुण्याला परत गेलात, तरी दर वर्षी जव्हारला यायचात, त्याच बाकावर बसायचात. मी चहा सांगायचो आणि विचारायचो, "ताई, त्या दिवशी काय बोलत होता?" तुम्ही म्हणायचात, "वडा खारट होता." मी कधी चिडून विचारलं, कधी गमतीनं, एकदा रडकुंडीला येऊन विचारलं. उत्तर तेच. तुमचा चेहरा अगदी सरळ असायचा, आणि तेच मला खटकायचं. खारट वड्याबद्दल कुणी इतक्या वर्षांनी इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलतं का?

गंगूबाईंना किंवा चौधरींना मी परत कधी विचारलं नाही. तेही सांगून टाकतो. मला उत्तर तुमच्याकडून हवं होतं, कारण करार तुमच्याशी होता. त्यांनी काही सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना पढवलंय, असंच मी धरलं असतं. आणि खरं सांगू? भीतीही होती. तुम्ही खोटं बोलला होतात असं निघालं, तर मग काय उरतं? आवाज माझ्याच डोक्यातला आहे, स्पीकरमध्ये कुणी बसलेलं नाही, हे मी तुमच्या शब्दावर धरून चाललो होतो. डॉक्टरांच्या नाही, पुस्तकाच्या नाही, तुमच्या. वाईट दिवशी, आवाज अगदी कानाशी येऊन बोलायचा तेव्हा, मी स्वतःला सांगायचो की ताई म्हणाल्यात नाही, म्हणजे नाही. आणि मागोमाग आवाजच मला म्हणायचा, "वड्याचं काय रे, रघ्या?" तो पण हुशार. कुठं बोट ठेवायचं ते त्याला बरोबर कळायचं.

शेवटच्या फोनवरही मी विचारलं. तुमचा आवाज बारीक झाला होता. "आता तरी सांगा," मी म्हटलं. तुम्ही हसलात, मग खोकलात, मग म्हणालात, "रघूभाऊ, वडा खारट होता. गंगूबाईंना विचारा." इतक्या वर्षांत हे दुसरं वाक्य तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार करत बसलो. गंगूबाईंना विचारा असं आज का? आजवर का नाही? पण विचारायला गेलो नाही. मला वाटलं, घाई काय आहे, दिवाळीनंतर येतीलच.

फोन आला त्या दुपारी डेपोत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. गाड्या पुकारायच्या तेवढ्या पुकारल्या. मग मी कॅन्टीनकडं गेलो. चौधरी तिथं बसले होते. यासीनभाई दुकान बंद करून आले होते. गंगूबाई चुलीपाशी. काहीतरी बोलणं चाललं होतं. मी दारात पाऊल टाकलं आणि तिघंही गप्प झाले.

ताई, अगदी तसंच. तुम्ही गेलात त्या दिवशीही हे माझ्या पाठीमागं बोलतात, असं मनात आलं. मग स्वतःला म्हटलं, दिसलं किती? तीन माणसं गप्प झाली. बाकीचं जोडलेलं. विचार.

"माझ्याबद्दल बोलत होता का?" मी विचारलं.

यासीनभाई म्हणाले, "हां. तेच बोलत होतो, की रघूभाऊला हे झेपंल का. आनी काय बोलनार?"

कुणी इतकं चटकन हो म्हणेल, असं मला वाटलंच नव्हतं. मग धीर करून मी दुसरंही विचारलं. "आणि त्या दिवशी? शेळी आली होती, चौधरींनी माझ्याकडं बोट केलं होतं, ताई रिकाम्या कपातून चहा पीत होत्या. त्या दिवशी काय बोलत होता?"

चौधरींनी मान खाली घातली. गंगूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पदराला हात पुसले. त्यांना मराठी बोलताना सावकाश बोलावं लागतं, घरची भाषा वेगळी. सावकाशच बोलल्या.

"तुझाच बोलना होता, रघू. ह्यो चौधरी बोलला, रघूला माईकवरनं काढू, मागं स्टोरात बसवू. परत वरडला तं आमची सगल्यांची नोकरी जाईल. ताईला बोलला, तुमी डाक्तरला सांगा, तसा लिवून घ्या. ताई बोलली, नाय. बोलली, त्याचा डबा मी रोज बघते. शेळी येते तवा ह्यो गाडी पुकारत असला, तं डब्यात एक चिचोका पडत नाय. त्याचा आवाज चालू असला का दुसरा आवाज गप ऱ्हातो. माईक काढला तं मानूस जाईल. आसा बोलली. लय भांडली ह्याचेसंगा."

मी चौधरींकडं बघितलं. "खरं आहे," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो, रघुनाथ."

मी गंगूबाईंना म्हटलं, "मग वडा? ताई वड्याचं का म्हणाल्या?"

"वडा खारटच होता ना!" गंगूबाई जवळजवळ चिडल्याच. "माझे हातानं मीठ दोनदा पडला. त्याच टायमाला ताईनं तोंडात घातला. खोटा कशाला बोलंल ती?"

मी बाहेर येऊन आपल्या बाकावर बसलो. ताई, मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम, आणि कुठलं आधी ते सांगता येत नाही. करार तुम्ही पाळलात. अक्षर न् अक्षर पाळलात. खोटं एकही बोलला नाहीत, फक्त दोन खऱ्या गोष्टींतली एक उचलून माझ्या हातात दिलीत आणि दुसरी पदराखाली ठेवलीत. 'कबूल' म्हणायच्या आधी तुम्ही एवढा वेळ रस्त्याकडं का बघत होतात, ते आता कळलं. की हेही मी जोडतोय?

मी रागावलोय तुमच्यावर. मंगलला माझ्यासमोर बोलायला लावलंत आणि स्वतः मात्र गप्प बसलात. सांगितलं असतंत तर माझं त्या दिवशीचं जोडलेलं खरं होतं, हे मला तेव्हाच कळलं असतं. इतकी वर्षं मी त्याला धड खरंही धरू शकलो नाही, धड खोटंही. आणखी एक खरी गोष्ट माझ्या बाजूला आली असती. पण मग मी हेही बघतो की तेव्हा सांगितलं असतंत, तर मी चौधरींच्या शेजारी एक दिवस बसू शकलो नसतो. मी परत माईकवर ओरडलो असतो, नाव घेऊन ओरडलो असतो, आणि तुमचं भांडण फुकट गेलं असतं. तुम्ही मला एक संशय ठेवून दिलात आणि माझा माईक वाचवलात. हा सौदा मला विचारून केला नाहीत. विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, ते मला खरंच माहीत नाही. हे भांडण अर्धंच राहणार आता. आणि तुमचे उपकार मानायचे तर तुम्ही समोर हव्या होतात, तेही नाही.

मोखाड्याची गाडी नेहमीप्रमाणं उशिरा आली. मी खिडकीत बसलो, माईक सुरू केला आणि पुकारायच्या आधी जरा थांबलो. थांबू नये हे मला कळतं. त्या खरखरीतून मी न बोलावताच येणारा तो आहेच, तुम्हाला तो माहीत आहे. पण मी म्हटलं, तो एवढा फुकट येतो, तर आज तुम्हीही याल. तुमच्या आवाजात यायला काय जातंय? नुसतं "रघूभाऊ" म्हणालात तरी चालेल. "वडा खारट होता" म्हणालात तरी मी हसून मान डोलावीन. मी इतका कान देऊन ऐकलं की बाहेरचा ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला.

खरखर होती, ताई. नुसती खरखर. मी तिच्यात काही जोडलं नाही. मग गाडी पुकारली.